धम्म का लोपला? देवळीच्या ताम्रपटापासून आपल्या विहारापर्यंत

आम्ही प्राध्यापक नाही. गिरणीत रिंग फ्रेमवर उभे राहून तुटलेला धागा सांधण्यात आमची उमर गेली. जे काही वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तके घरी नेऊन. तेव्हा लिहिण्यात काही उणेअधिक झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

लेखाला कारण झाले ते एका पोराचे. मागच्या वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर दहावीतला एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आपला धम्म एवढा चांगला होता, तर मग या देशातून गेला काहून?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले. आधी आपल्याच देशातल्या विरोधकांनी छळले आणि मग परक्यांनी येऊन विहार जाळले. पोरगा काही खाली बसला नाही. म्हणाला, "मग मंदिरं बी तोडलीच होती ना? ते धर्म कसे राह्यले?" त्या रात्री आमच्यापाशी उत्तर नव्हते. "उद्या सांगतो" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

आपल्या मातीतला धम्म

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की धम्म आपल्याकडे १९५६ साली पहिल्यांदा आलेला नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांपलीकडचे स्तूप उघडे पडले. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि मुचलिंद नागाचे नावासकट शिल्प आहे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला विजासनची लेणी आहेत. अजिंठ्याची सोळा नंबरची लेणी वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून संघाला दिली. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. त्याने लिहून ठेवले की येथे शंभराच्या आसपास विहार असून सुमारे ५,००० भिक्खू आहेत. एवढे होते. आणि १९५१ सालची जनगणना पाहा. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध म्हणून किती माणसे निघाली? अवघी २,४८७. मधल्या काळात काय झाले हाच पोराचा प्रश्न होता.

देवळीचा ताम्रपट

या प्रश्नाचा एक धागा आपल्या देवळीतच सापडतो, पण आपल्यापैकी थोड्यांनाच ते ठाऊक आहे. देवळीला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट मिळाला. त्यावर शके ८६२, म्हणजे इसवी सन ९४० हे साल आहे. 'नागपूर' या नावाचा सर्वात जुना उल्लेख याच ताम्रपटात आहे, म्हणून इतिहासाचे लोक त्याला फार मानतात. नागपूर-नंदिवर्धन या विभागातले एक गाव राजाने दान दिले, असा त्यात मजकूर आहे. दान कोणाला? एका ब्राह्मणाला.

आता या राजाला शिव्या देण्याचे कारण नाही. याच राष्ट्रकूट घराण्यातल्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, मुंबईजवळच्या कान्हेरीच्या भिक्खूंना दान मिळाल्याचे लेख आहेत. म्हणजे हे घराणे काही विहार मोडत फिरत नव्हते. परंतु वेरूळला जाऊन पाहा. पहिली बारा लेणी बौद्धांची आहेत. आठव्या शतकात याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाने कैलास मंदिर कोरवले. त्यानंतर तिथे बौद्धांचे मोठे नवे काम झाले नाही. राजाने तलवार काढली नाही, फक्त पाण्याचा पाट दुसऱ्या वावराकडे वळवला. ज्याला ते पाणी मिळाले त्याचे पीक वाढले, आणि ज्याचा पाट बंद झाला त्याचे सुकले.

मग पुढचा प्रश्न असा येतो की राजाच्या पाटावर धर्म जगावाच का? त्याची स्वतःची विहीर नव्हती काय?

कुलूप आणि यंत्र

येथे आम्ही आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. आम्ही ज्या गिरणीत पहिल्यांदा लागलो ती पुढे बंद पडली. लोक म्हणतात, अमुक तारखेला गेटला कुलूप लागले आणि गिरणी गेली. आम्हा कामगारांना मात्र माहीत आहे की गिरणी त्याच्या कितीतरी आधीच गेली होती. आधी सुटे भाग आणणे बंद झाले. मग बदलीवाल्यांना बोलावणे बंद झाले. मग तिसरी पाळी गेली. जुने कारागीर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवा पोरगा कोणी शिकवून तयार केला नाही. कुलूप लागले तेव्हा आत चालू यंत्रे मोजकीच उरली होती.

धम्माचेही तसेच झाले. बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या फौजांनी बिहारातले मोठमोठे विहार उद्ध्वस्त केले, भिक्खू मारले, ग्रंथ गेले. हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी ह्युएनत्संग श्रावस्तीला गेला तेव्हा तिथले बहुतेक विहार पडलेले होते. कपिलवस्तू ओसाड होते, कुशीनगरही ओसाड होते. ते कोणत्या परकीयाने पाडले होते?

आणि उलट बाजूही पाहा. फौजा येऊन गेल्यावर, १२३५ च्या सुमारास, धर्मस्वामी नावाचा एक तिबेटी भिक्खू नालंदेला पोहोचला. तिथे राहुल श्रीभद्र नावाचे नव्वदीचे वृद्ध आचार्य सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवीत बसलेले त्याला दिसले. म्हणजे आगीनंतरही शिकवणारा होता आणि शिकणारेही होते. पण भोवतालच्या गावांतून नवे भिक्खू येत नव्हते आणि विहार पुन्हा उभा करणारे उपासक उरले नव्हते. ते म्हातारे गुरुजी गेल्यावर पुढे कोण?

बाबासाहेबांनी दिलेले उत्तर

पोराने विचारलेला प्रश्न बाबासाहेबांनी आधीच विचारून ठेवला होता. बौद्ध धर्माच्या ऱ्हासावर त्यांनी लिहिलेले अपुरे लिखाण महाराष्ट्र शासनाने १९८७ साली इंग्रजी खंडांपैकी तिसऱ्या खंडात छापले. परकीय आक्रमणाचा घाव ते नाकारत नाहीत, उलट तो फार मोठा होता असे सांगतात. पण त्यांचे म्हणणे असे की घाव दोन्ही धर्मांवर पडला. मग एक का टिकला? ब्राह्मणी धर्माचा पुरोहित जन्माने होतो. शंभर मारले तरी त्यांच्या घरी शंभर पोरे असतात. भिक्खू जन्माने होत नाही. त्याला शिकवून, दीक्षा देऊन घडवावा लागतो. घडवणारे विहार गेले की भिक्खूंची परंपराच खुंटते.

दुसरे कारण त्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. भिक्खू होणाऱ्यास संघदीक्षा होती, परंतु घरदार करणाऱ्या उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती आणि धम्माच्या अवनतीचे ते एक कारण ठरले, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. उपासक आज इकडे, उद्या तिकडे. किंबहुना एकाच वेळी दोन्हीकडे.

याचे एक उदाहरण आम्हा सूतवाल्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. नाशिकच्या लेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपान याचा जावई. त्याने लेणे दिले आणि भिक्खूंच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. कोठे ठेवले? विणकरांच्या दोन श्रेणींत. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. २,००० एका श्रेणीत, शेकडा महिना एक या व्याजाने, आणि १,००० दुसरीत, पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब बरोबर जुळतो. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे.

वाचून ऊर भरून येतो. आपल्यासारख्या विणणाऱ्या हातांवर केवढा भरवसा! पण नंतर विचार केला तेव्हा दुसरी बाजू दिसली. विणकराने व्याज दिले, भिक्खूला चीवर मिळाले. पण त्या विणकराच्या घरी पोर जन्मले, लग्न निघाले, म्हातारा गेला, तेव्हा दारात कोण उभे राहिले? बहुतेक ठिकाणी जुनाच पुरोहित. धम्माशी नाते दानाचे आणि घरातले सगळे व्यवहार दुसऱ्याच्या हाती. पुढे व्यापार बसला, शहरे ओस पडली, श्रेणी मोडल्या, राजांनी पाट वळवला. दान थांबले तसे ते एकमेव नातेही तुटले. विहार रिकामा झाला आणि घर तर आधीपासूनच दुसऱ्याचे होते.

मग नावेही गेली. नाशिकची ती लेणी लोकांच्या तोंडी पांडवलेणी झाली. जुन्नरजवळ लेण्याद्रीला भिक्खूंच्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे. खुद्द बुद्धाला पुराणांनी विष्णूचा नववा अवतार करून टाकले. शत्रूने पाडलेली भिंत पुन्हा बांधता येते. पण आपली वस्तू आपण दुसऱ्याच्या नावाने ओळखू लागलो, तर ती परत मागणार कोण?

इतर धर्म कसे टिकले, कसे घटले

गिरणीच्या कँटीनमध्ये सर्व धर्मांची माणसे एका बाकावर जेवतात. तिथे आम्ही पुष्कळ ऐकले, विचारले. कोणाच्या श्रद्धेला उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही, पण फरक समजून घेतला पाहिजे. हिंदू बांधव आत्मा अमर मानतात. तो एक देह सोडून दुसरा घेतो. मुस्लिम बांधव एक अल्लाह मानतात, मुहम्मद पैगंबरांना अखेरचे प्रेषित मानतात आणि कयामतच्या दिवशी हिशेब होईल असे मानतात. ख्रिस्ती बांधवांसाठी येशू हा देवाचा पुत्र आणि तारणारा आहे. तथागतांनी यातले काहीच आपल्याकडे घेतले नाही. जग निर्माण करणारा ईश्वर नाही, कायम टिकणारा आत्मा नाही. मी मोक्ष देणारा नाही, मार्ग दाखवणारा आहे, चालायचे तुम्हीच.

ही आमच्या धम्माची थोरवी आहे आणि तीच त्याची अवघड जागाही आहे. देव मानणारा माणूस आळशी असला तरी देवाच्या भीतीने सकाळी उदबत्ती लावतो. नमाजाची पाच वेळची हाक आहे, चर्चचा रविवार आहे. आपल्याकडे भीतीचा दोर नाही. शीलाचा दोर आहे, पण तो ज्याचा त्याने वळायचा. वळला नाही तर हातात काहीच राहत नाही.

कोणी म्हणेल, ईश्वर नाही म्हणूनच धम्म टिकला नाही. तर मग जैन धर्माकडे पाहा. महावीर आणि बुद्ध जवळपास एकाच काळातले, एकाच मुलखातले. जैनही सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. फरक असा की ते जीव मानतात आणि कर्माचे बंधन तपाने तोडावे असे सांगतात. वेदांचे प्रामाण्य त्यांनीही नाकारले, आक्रमणे त्यांच्याही मंदिरांनी सोसली. तरी २०११ च्या जनगणनेत देशात ४४ लाखांवर जैन आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड येथे त्यांची जुनी मंदिरे आणि हस्तलिखितांचे भांडार आहे. का टिकले? अभ्यासक सांगतात की त्यांच्यात मुनी आणि श्रावक यांची घट्ट सांगड होती. श्रावकासाठी बारा व्रते ठरलेली होती. काय खावे, काय खाऊ नये, कोणता धंदा करू नये, इथपर्यंत नियम घरात होता. धर्म मंदिरात जसा होता तसा चुलीपाशीही होता.

पारशी समाजाची गोष्ट वेगळी आहे. इराणातून आलेल्या या समाजाने अग्नी जपला, शिक्षण, उद्योग, दानधर्म सर्व केले. पण बाहेरच्याला आत घेणे नाही, आणि जन्म कमी. २००१ साली देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ साली ५७,२६४ राहिले. कोणी छळले नाही, कोणी हाकलले नाही, तरी संख्या घटतेच आहे. म्हणजे धर्म घटण्यास दर वेळी शत्रूच लागतो असे नाही. पुढची पिढी आली नाही, किंवा आली पण तिच्या हाती काही दिले गेले नाही, तरी तेवढे पुरते.

बावीस प्रतिज्ञा कशासाठी

हे सर्व वाचल्यावर १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आम्हाला नव्याने समजला. नागपूरला बाबासाहेबांनी पूज्य भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली. नंतर स्वतः उभे राहून समोरच्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. १६ तारखेला चंद्रपूरला तेच केले. आमचे आजोबा नागपूरच्या त्या गर्दीत होते. घरी आल्यावर ते एवढेच म्हणत, "बाबानं आमच्या तोंडून वदवून घेतलं. दुसऱ्याच्या नाही, आमच्या."

जी धम्मदीक्षा उपासकाला कधी मिळाली नव्हती ती त्या दिवशी मिळाली, ती शेतमजुराला, गिरणी कामगाराला, आयाबायांना. आणि प्रतिज्ञा नीट वाचल्या तर दिसते की जिथून जिथून धम्म गळून गेला होता ते एकेक भोक त्यांनी बुजवले आहे. बुद्ध विष्णूचा अवतार झाला होता, म्हणून पाचवी प्रतिज्ञा. घरातल्या श्राद्धा-पिंडातून जुने परत येत होते, म्हणून सहावी. जन्म-लग्न-मरण पुरोहिताच्या हाती होते, म्हणून आठवी. बाहेरचे लोक म्हणतात, या प्रतिज्ञांत नकार फार आहे. आम्ही म्हणतो, घराला उंबरठा नसेल तर ते घर कसे? उंबरठा शेजाऱ्याशी भांडायला नसतो. आपले घर कोठून सुरू होते ते समजावे म्हणून असतो.

फळही दिसले. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध २७,८९,५०१ झाले. २०११ साली ६५,३१,२०० होते. गेलेला धर्म परत येतो, आणि तोही ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते त्यांच्या हातून येतो, अशी उदाहरणे जगात थोडीच असतील.

आता आपले घर

परंतु धम्मबांधवांनो, संख्या वाढली म्हणून निर्धास्त होण्याचे कारण नाही. ५,००० भिक्खू होते तेव्हाही कोणाला वाटले नसेल की एक दिवस काही उरणार नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. थोरल्या मुलीचे लग्न ठरले. पाहुणे म्हणाले, "तारीख जरा पाहूनसवरून काढू." म्हणजे पंचांग. आम्ही विहारात भाषणे करणारे! पण सोयरीक मोडू नये म्हणून मान डोलावली. धाकटी दारात उभी राहून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाबा, प्रतिज्ञा तुम्हीच पाठ करून घेतल्या होत्या ना?" त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी आम्ही पाहुण्यांकडे गेलो आणि हात जोडून सांगितले की तारीख कामाच्या सुटीप्रमाणे धरू, पंचांगाप्रमाणे नाही. ते लोक काही रागावले नाहीत. त्यांनाही कोणीतरी म्हणायला हवे होते, एवढेच. लग्न रविवारी झाले, मंगल परिणय विहारातच झाला.

सांगायचा मुद्दा हा की नालंदा कोणी जाळली ते आपण पोरांना तोंडपाठ शिकवतो. पण आपल्या घरात कोणते यंत्र बंद पडले आहे ते पाहत नाही. १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला विहारात उभे राहायला जागा नसते. पावसाळ्यातल्या रविवारी वंदनेला मोजून आठ-दहा जण असतात, त्यांतही उपासिकाच अधिक. खरे सांगायचे तर वर्षावासाचे ग्रंथवाचन आपल्याकडे टिकवले ते या मायबहिणींनीच. ज्यांना अक्षरओळख नाही त्याही शेवटपर्यंत बसून ऐकतात. पुरुषमंडळी मात्र बाहेर गाडीवर बसून मोबाईल पाहतात.

कागदाचेही तेच. सवलती जातील या भीतीने अनेकांनी दाखल्यावर बौद्ध लिहिले नाही. केंद्राने १९९० साली कायद्यात दुरुस्ती करून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या सवलती मान्य केल्या. तरीही जनगणनेचा माणूस दारात आला की अजून कोणी कोणी अडखळतो.

म्हणून वर्धापनदिनी आमच्या तीनच विनंत्या आहेत. रविवारी वंदनेला येताना एक लेकरू सोबत आणावे. घरातले जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही वेळी दारात धम्मच उभा राहील असे पाहावे. आणि पोरांनी प्रश्न विचारला तर "उद्या सांगतो" म्हणू नये. माहीत नसेल तर पुस्तक काढून त्याच्याबरोबर वाचायला बसावे.

विहाराची वर्गणी आपण सर्व देतो, ती द्यावीच. पण वर्गणी नाशिकच्या विणकरांनीही दिली होती. विहाराला आधी घर लागते, तेव्हा तो उभा राहतो.

त्या पोराला आम्ही हा लेख छापण्याआधी वाचायला दिला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "काका, पवनी दाखवायला न्याल काय?" विहारातर्फे पवनीला सहल काढावी, असे समितीला आमचे सांगणे आहे. आम्ही येऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!